दहा मॅचेस, बारा पोट्टे: हिवाळी साखळीच्या नोंदी

30 नोव्हेंबर 2025, रविवार

काल रात्री मारुतीच्या पारावर बसून पक्कं झालं, यंदा कबड्डीची साखळी खेळायची. सहा गावं, प्रत्येकाशी दोनदा, एकदा आपल्या मातीत अन एकदा त्यांच्या. म्हणजे आपल्या वाट्याला दहा मॅचेस, 13 डिसेंबरपासून 1 फेब्रुवारीपर्यंत. आतापर्यंत काय व्हायचं, चाळीस-पन्नास किलोमीटर गाडी हाकत जायचं, प्रवेश फी भरायची, रात्री दोनला नंबर लागायचा अन एक मॅच हरलो की गाठोडं बांधून घरी. बाद पद्धतीत जो जिंकते त्यालेच खेळाले भेटते, बाकीच्यांनी शिकायचं कवा?

संघांची नावं आपसात म्हणतो तीच लिहितो. बेंबळ्याच्या बाजूचे ते धरणवाले, मग स्टेशनवाले, जिनवाले, फाट्यावरचे, तांड्यावरचे अन आपण. जिंकलं की 5 गुण, बरोबरी 3, अन सात किंवा त्याहून कमी फरकानं हरलं तर 1. प्रो कबड्डीत बरेच वर्ष हेच होतं, 2025 च्या हंगामात तिथं जिंकल्याचे 2 केले अन हरणाऱ्याले काहीच नाही. आपल्याले जुनंच बरं, थोडक्यात हरलेलं पोरगं घरी जाताना काहीतरी घेऊन गेलं पाहिजे.

वही मीच ठेवणार आहे. गाडीही माझीच, पिकअप, दिवसा कापूस अन रात्री पोट्टे.

7 डिसेंबर, रविवार

मैदान. सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत. आपली माती काळी, पावसाळ्यात पाय रुततो अन आता थंडीत अशा भेगा की अख्खी बोटं जातात आत. भेगांत बारीक मुरूम भरला, वरून लाल माती, मग पाणी, मग आबाजींनी स्वतः रोलर ओढला, सत्तरीचा माणूस, दोघा पोरांनी हात लावला तर रागावले. त्यांचं म्हणणं पाणी एकदम मारायचं नाही, संध्याकाळी शिंपडायचं अन रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी परत. बरोबर आहे त्यांचं, मागच्या वर्षी आम्ही टँकरनं एका दमात भिजवलं होतं तर वरचा पापुद्रा सालीसारखा निघाला अन सगळ्यांची कोपरं सोलली.

माप टेपनं घेतलं, अंदाजानं नाही. 13 बाय 10 मीटर, मध्यरेषेपासून निदान रेषा, चढाईवाल्यानं ओलांडायचीच ती, 3.75 वर, तिथून बोनस रेषा 1 मीटर, तिच्यापलीकडे पाय टाकून परत आलं की एक गुण. फक्की मारली, चुना नाही. चुन्यानं डोळ्याची आग होते अन खरचटल्यावर जळते, हे दरवर्षी सांगावं लागते अन दरवर्षी कोणीतरी चुन्याची गोणी घेऊन येते.

पोरींनीही जागा मागितली. नोव्हेंबरात ढाक्यात आपल्या बायांनी वर्ल्डकप जिंकला तेव्हापासून आठवी-नववीच्या पोरी रोज येऊन उभ्या राहतात. त्यांचं 12 बाय 8 आत वेगळ्या रंगानं आखून दिलं, पाच ते सहा त्यांची वेळ, त्या वेळेत एकही पोट्टा मैदानात दिसला नाही पाहिजे असं सगळ्यांसमोर सांगितलं.

13 आणि 14 डिसेंबर

पहिली मॅच घरी, फाट्यावरच्यांसोबत, 34-27 जिंकलो. दुसरी जिनवाल्यांकडे, 29-31 हरलो पण 1 गुण आला. एकूण 6.

वहीत यावेळी एक नवीन रकाना पाडला आहे, कोणी किती चढाया केल्या. चाळीस मिनिटांची मॅच, एक चढाई तीस सेकंदांची, आळीपाळीनं, म्हणजे एका संघाच्या वाट्याला चाळीसच्या आसपास येतात. शनिवारी आपल्या 39 पैकी 22 एकट्या पैलवानानं, म्हणजे आमच्या मुख्य रेडरनं, केल्या, रविवारी 40 पैकी 24. जिंकून राहिलो तोपर्यंत कोणाले काही वाटत नाही, मलेही वाटलं नाही, फक्त लिहून ठेवतो.

20 डिसेंबर, शनिवार

गाडगेबाबांची पुण्यतिथी. सकाळी पोट्टे झाडू घेऊन निघाले, मैदान, शाळेचा रस्ता, नालीपर्यंत सगळं. गावात हे जुनं आहे, बाबा 1956 साली गेले तेव्हापासून 20 तारखेला आधी झाडू अन मग बाकीचं असं आबाजी सांगतात. सायंकाळी तांड्यावरच्यांसोबत मॅच, 38-22. पैलवान 17 चढाया, दोन लोण चढवले, म्हणजे दोनदा त्यांचा अख्खा संघ बाद केला. त्यांचे पोरं तंदुरुस्त आहेत, पळतात बेफाम, पण हाताले हात धरून साखळीनं पकड करायची सवय नाही, एकेकटे उडी घेतात. मॅचनंतर त्यांच्या कॅप्टनसोबत बसून अर्धा तास बोललो, कव्हरनं (मधल्या बाजूचा पकडणारा) कोपऱ्याकडे (कडेचा पकडणारा) कवा पाहायचं ते दाखवलं. आपल्याच एकानं विचारलं, भाऊ त्यायले काऊन शिकवता? अरे, जानेवारीत त्यांच्याशीच खेळायचं आहे न, चांगले खेळले तर आपलंही खेळणं वाढते.

जेवण मैदानातच, गोवऱ्यांवर रोडगे अन वांग्याची भाजी. दोन्ही गावं मिळून.

24-25 डिसेंबर

साखळीची मॅच नाही, पण 65 किलो वजन गटाची स्पर्धा होती शेजारच्या तालुक्यात, पोरांनी आधीच नाव दिलं होतं. मी नको म्हणत होतो. पहिलं बक्षीस 21 हजार. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8110 धरला तर अडीच क्विंटलाच्या वर कापूस झाला, तेही सगळ्या संघात वाटायचा, पण एकाच रात्रीत मिळते म्हणून पोरं धावतात, त्यांचंही चुकत नाही.

वजनाची गोष्ट मात्र लिहिलीच पाहिजे. दुपारी चारले वजन होतं. लहान्या आमचा राखीव रेडर, अठरा वर्षांचा, बारावीले आहे, दुकानातल्या धान्याच्या काट्यावर सकाळी 65.8 भरला. मी कापूस खाली करून आलो तर हा भर उन्हात दोन स्वेटर अन वरून रेनकोट घालून शाळेच्या मैदानाले चकरा मारून राह्यला, ओठ पांढरे पडलेले, तोंडाले चिकटा आलेला, कालपासून जेवला नाही, पाणी पण नाही. म्हटलं थांब. थांबेना. हात धरून बसवला तर त्याच्या हाताची कातडी चिमटीत धरली तशीच उभी राहिली, बसेचना खाली, एवढं अंगातलं पाणी गेलेलं. मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. तो रडत होता, भाऊ मी बाद होईन. होऊ दे न बाप्पा बाद. त्याचं नाव कापलं अन अकरा जण घेऊन गेलो.

ही रीत आता सगळीकडे शिरली आहे, पोरं वजन उतरवतात, मग दोन तासांत पोटभर खाऊन खेळायला उतरतात, मग पायात गोळे येतात. आपल्या संघात हे बंद. ज्याचं जे वजन त्या गटात खेळायचं, नाही बसलं तर नाही खेळायचं. हे लिहून मैदानाच्या खोलीत लावलं.

स्पर्धेत तिसरे आलो. मॅच रात्री अकराले, दीडले अन पहाटे चारले. मधल्या वेळात पोरं कुटारात, म्हणजे भुशात, झोपली, तीच ऊब. थंडी अशी की तोंडातून वाफ, अन त्या अवस्थेत उठवून वॉर्मअप न करता पोरगं थेट चढाईले पाठवायचं. पैलवान तिन्ही मॅच पूर्ण खेळला.

28 डिसेंबर, रविवार

धरणवाल्यांकडे, 30-30 बरोबरी. शेवटच्या मिनिटाले सुपर टॅकल बसला म्हणून वाचलो, आपले तिघेच उरले होते मैदानात, अन तिघं किंवा कमी असताना पकड केली की दोन गुण. एकूण 14 गुण. पैलवान 25 चढाया 40 पैकी. मॅचनंतर त्याने बूट काढताना डावा पाय दोन्ही हातांनी उचलून वर ठेवला, मी पाहिलं पण विचारलं नाही. विचाराले पाहिजे होतं.

4 जानेवारी, रविवार

आजची नोंद लिहायले हात होत नाही.

स्टेशनवाल्यांनी मॅट भाड्यानं आणली होती. मॅटवर खेळायला पोरं खूश, टीव्हीवर दिसते तसं. पण आपण मातीवर वाढलेलो. मातीत पाय घसरतो, घसरला की जोर निघून जातो. मॅटवर रबरी तळ चिकटून बसते अन अंग फिरते पण पाय फिरत नाही, सगळा पीळ गुडघ्यावर येतो. त्यात दोन तुकड्यांच्या मधली टेप सुटलेली, मी मॅचच्या आधी बोललो होतो, भाड्यानं देणाऱ्याचा माणूस म्हणाला होऊन जाईल. तिथंच मी मॅच थांबवाले पाहिजे होती.

दुसऱ्या हाफच्या सहाव्या मिनिटाले आमचा डावा कोपरा अँकल होल्डले, म्हणजे घोटा धरायले, झेपावला. पकड बसली होती. उठून वळताना उजवा पाय त्या फटीत अडकला. मी बाजूलेच होतो, कट्ट असा आवाज मले ऐकू आला, सुकी तुरीची काडी मोडते तसा. तो ओरडला पण नाही, फक्त माती शोधत असल्यासारखा मॅटवर हात मारत राहिला.

बर्फ भेटला आलुबोंड्याच्या गाडीशेजारच्या थंड पाण्याच्या डब्यातून. दुपट्ट्यात बांधून ठेवला, पाय उंच केला. त्याचा मोठा भाऊ म्हणाला गावाकडे नेऊ, हाड बसवणारा आहे, तेल लावून खेचते. मी पाया पडून नाही म्हणालो. सूज चढत असताना चोळायचं नाही, खेचायचं तर अजिबात नाही, आत काय तुटलं ते माहीत नसताना कोणी हात लावायचा नाही. गाडीत गादी टाकून सरळ यवतमाळ. मॅच 21-36 हरलो, नंतर कळलं. गुण 14 वरच.

7 जानेवारी, बुधवार

एमआरआय झाला. एसीएल पूर्ण तुटलं आहे, म्हणजे गुडघ्याच्या आतली आडवी-तिरपी दोरी जी पाय पुढं सरकू देत नाही ती. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं, घाई नाही, आधी सूज उतरू द्या, गुडघा पूर्ण सरळ होऊ द्या, मांडीची ताकद आणा, मग ऑपरेशन. नंतर खेळायले नऊ महिने तरी धराच. त्याने मोजले बोटांवर. यंदाची दिवाळी म्हणाला. घरी चार एकर आहे, बाप एकटाच कापूस वेचणीले, मजूर भेटत नाही. शनिवारी संघातले आठजण त्याच्या वावरात जाऊन वेचून आले, कोणी सांगितलं नव्हतं... ही ओळ मी रविवारी येऊन इथं घुसवली, जागा इथलीच आहे म्हणून.

10 आणि 11 जानेवारी

सकाळी वेचणी, संध्याकाळी मॅच. फाट्यावरच्यांकडे 31-28 जिंकलो, एकूण 19. दुसऱ्या दिवशी घरी जिनवाल्यांसोबत 24-33, नऊनं हरलो म्हणून तो एक गुणही नाही.

रात्री वही घेऊन बसलो. सात मॅचेस, आपल्या एकूण चढाया 274, त्यातल्या 156 पैलवानाच्या. वजन गटाच्या तीन मॅचेस त्यात धरल्याच नाहीत. अन आजच्या दुसऱ्या हाफात त्याने 11 चढाया केल्या त्यात टच एक. तो निदान रेषा ओलांडून परत येतो, पाय उचलतच नाही, पहिले जसा पाय टाकून कोपऱ्याले मागं रेटायचा तसं काहीच नाही.

मग चौकशी केली तर कळलं, या आठवड्यात शेतीची थ्री फेज वीज रात्रीची आहे. हरभऱ्याले ओलीत, म्हणजे बारा वाजता मोटर चालू करायले जायचं, बारे फिरवत पहाटेपर्यंत. त्याच्या आधीच्या आठवड्यात जागल, रानडुकरं तुरीत शिरतात. म्हणजे तो माणूस दोन आठवड्यांपासून रात्री झोपलेलाच नाही अन मी त्याले शनिवार-रविवार चाळीस-चाळीस मिनिटं पळवून राह्यलो. मॅचचं वेळापत्रक माझ्याकडे होतं, ओलिताचं कोणाकडेच नव्हतं.

आता वहीत आणखी एक रकाना: रात्री कोण वावरात होता.

14 जानेवारी, बुधवार, संक्रांत

तिळगूळ घेऊन पैलवानाच्या घरी गेलो. सांगितलं, या रविवारी तांड्यावर तू येणार नाही, झोपायचं. त्याचा चेहराच उतरला.

"भाऊ, जिनवाल्याची मॅच मी हरवली म्हणून काय?"

"तू नाही हरवली. तुह्या एकट्यावर चोवीस चढाया टाकून मी हरवली."

तो काही बोलेना. त्याची आई चुलीपासून म्हणाली, "भाऊ, तो ताटावरच झोपते जी. घास हातात ठेवून." मग तो उठून बाहेर गेला, गोठ्याशी उभा राहिला. मी थांबलो. बऱ्याच वेळानं आला अन म्हणाला लहान्या घाबरते अन थेट कव्हरमध्ये घुसते, त्याले सांगा पहिल्या तीन चढाया फक्त बोनस पाहायचा, सहाजण मैदानात आहेत तोवर बोनस आहे, टच मागं नको लागू. हे त्यानेच सांगायचं ठरलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी अर्धा तास लहान्याले घेऊन बसतो, स्वतः पळत नाही.

18 जानेवारी, रविवार

तांड्यावर 26-29 हरलो, 1 गुण, एकूण 20. अन तरी ही माझ्या मनासारखी मॅच होती. चढाया वाटल्या गेल्या: लहान्या 14, उजवा कव्हर 11, बाकी तिघांनी मिळून 14. पहिल्यांदाच पाचजणांनी चढाई केली. लहान्याची पहिली चढाई, हात थरथरून राह्यले होते, कबड्डी कबड्डी म्हणताना आवाज फाटला, पण बोनस रेषेच्या पलीकडे पाय टाकला, दुसरा पाय हवेत, अन आला परत. एक गुण. तिकडून तांड्यावरच्या बायांनी टाळ्या वाजवल्या त्याच्यासाठी.

तांड्यावरचे आता साखळी धरून पकडतात. दोनदा आपल्यालेच धरलं तसं. चांगलं वाटलं पाहून.

डावा कोपरा गाडीत बसून आला होता, पाय लांब करून. वही त्याच्याकडे दिली. माझ्यापेक्षा नीट लिहिते तो, कोणत्या बाजूनं चढाई झाली तेही टिपते.

25 जानेवारी, रविवार

घरी धरणवाले, 35-30. एकूण 25. पैलवान परत, पण ठरवून 15 चढाया, प्रत्येक हाफात मधली पाच-सहा मिनिटं बाहेर. ताज्या पायाचा पैलवान अन थकलेला पैलवान यातला फरक पाहायला अख्खं गाव होतं, पंधरापैकी आठ चढायांत गुण आणले. तालुक्यात कोणी म्हणाले तुमचा रेडर बदलला काय.

डाव्या कोपऱ्यावर नवीन पोरगं अजून घाई करते, रेडर वळायच्या आधीच झेपावते. वेळ लागेल.

26 जानेवारी

मॅच नाही, सराव नाही. झेंडावंदनानंतर हेडमास्तरांनी पोरींच्या अन पोरांच्या संघाले पुढं बोलावलं अन सांगितलं की 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या माणसांनी तिथं जाऊन कबड्डी दाखवली होती. आपल्यापासून अमरावती किती दूर, अन आशियाई स्पर्धेत हा खेळ यायला 1990 साल उजाडलं. एका पोरीनं विचारलं, सर, त्याईनं मातीवर खेळले का मॅटवर? सरांना सांगता आलं नाही, पण मले तो प्रश्न फार आवडला, ती पोरगी कोपऱ्यावर खेळते.

1 फेब्रुवारी, रविवार

शेवटची मॅच, घरी, स्टेशनवाले. मातीवर. बारावीवाल्यांचे पेपर याच महिन्यात म्हणून लहान्याले विचारलं होतं, खेळायचं की अभ्यास, त्याच्या बापालेही विचारलं. बाप म्हणाला दोन तासांनं काय होते, पण नंतर सरळ घरी पाठवा.

ओलीत कोणाचं कधी ते पाहून गुरुवारीच संघ ठरवला. दोघांच्या मोटरीवर त्यांचे भाऊ गेले, एकाच्या जागलीले मी गेलो शनिवारी रात्री.

मॅच घासून चालली. शेवटचे चाळीसेक सेकंद राहिले तेव्हा 31-29 आपण पुढं, अन आपल्या दोन चढाया रिकाम्या गेलेल्या, म्हणजे तिसरी करा किंवा मरा, गुण नाही आला तर चढाई करणारा बाद. सगळे पैलवानाकडे पाहून राह्यले. तो खाली वाकून मोजे वर करत होता, मान वर न करता लहान्याले म्हणाला, "जाय. उजवा कोपरा ढिला आहे, बोनसले पाय टाक, तो येईन."

लहान्या गेला. समोर सहा. डावीकडे दोन पावलं, मग उजवीकडे, पाय बोनसच्या पलीकडे ठेवला अन दुसरा उचलला, तेवढ्यात कोपरा खरंच झेपावला, लहान्यानं पाय ओढून घेता घेता त्याच्या खांद्याले हात लावला अन मध्यरेषेवर आडवा पडला, बोटं अलीकडे. बोनस अन टच, दोन गुण. 33-29. त्यांची शेवटची चढाई रिकामी गेली.

एकूण 30, दुसरा नंबर. पहिले स्टेशनवालेच. पैलवान 13 चढाया, लहान्या 12. लहान्या घरी गेला अभ्यासाले, साडेनऊच्या आत, मी स्वतः सोडला.

3 फेब्रुवारी, मंगळवार

हिशेब झाला. दहा मॅचेसचं डिझेल, फक्की, रोलरचं भाडं, बर्फ, पट्ट्या, सगळं वर्गणीत अन वजन गटाच्या बक्षिसात बसलं, 340 रुपये उरले, ते पोरींच्या संघाच्या गुडघ्याच्या पॅडसाठी ठेवले. सहाही गावांनी पुढच्या वर्षी परत खेळायचं म्हटलं आहे, दोन गोष्टी मी मांडल्या अन सगळ्यांनी मानल्या: लागोपाठ दोन दिवस मॅच नाही, अन मॅट आणली तर प्रत्येक जोडाची टेप दोन्ही कॅप्टननी हात फिरवून पाहायची, त्याशिवाय शिटी वाजणार नाही.

वही डाव्या कोपऱ्याकडेच राहू दिली. त्याचा गुडघा आता पूर्ण सरळ होते, शनिवारी परत दाखवायले न्यायचं आहे, ऑपरेशनची तारीख त्या दिवशी भेटेल. शुक्रवारी गाडीत तूर आहे, रात्री झाडून घ्यावी लागेल, अन मागं गादी टाकायची, त्याले पाय लांब करून बसता आलं पाहिजे.